राणीची बाग आणि चारशे रुपयांचे पाकीट

सदर : घरखर्च

गेल्या महिन्यात भिवंडीहून एका बहिणीचे पत्र आले. नाव छापू नका असे तिने लिहिले आहे, म्हणून देत नाही. शौहर यंत्रमागावर कामाला आहेत, मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. ती लिहिते, "आपा, मुलाला घेऊन बाहेर गेलो की परतताना आमचे भांडण ठरलेले. हा हे माग, ते माग करतो. घेऊन दिले तर महिन्याचा हिशोब कोलमडतो. नाही दिले तर रस्त्यात बसकण मारतो आणि लोक बघत राहतात. आता वाटते, फिरणेच बंद करावे. पण शेजारची मुले कुठे कुठे जाऊन आल्याचे सांगतात आणि आमचा नुसता ऐकत राहतो. आपण गरीब आहोत हे एवढ्याशा मुलाला कळू द्यायचे का?"

हे पत्र मी दोन-तीनदा वाचले. फिरायचे कसे हा प्रश्न सोपा आहे, त्याचे उत्तर पुढे देतेच. अवघड आहे तो शेवटचा प्रश्न. तो आमच्याही घरात येऊन गेला आहे. त्या वेळी आमचा धाकटा चार वर्षांचा होता. तेव्हा काय झाले ते आधी सांगते.

आम्ही मुंब्र्याला राहतो. हे कपडे शिवण्याच्या कारखान्यात मशीनवर असतात. सहा दिवस सकाळी नऊ ते रात्री नऊ. धाकट्याला अब्बू म्हणजे रात्री जेवताना दिसणारा माणूस. एका रविवारी ह्यांनी स्वतःच ठरवले, आज मुलाला फिरवून आणू. कुठे? तर सगळे जातात तिथे, मॉलमध्ये. आधी काही ठरवले नव्हते. जाऊ, बघू, जे लागेल ते लागेल.

तो दिवस मला आकड्यांसकट आठवतो, कारण घरचा हिशोब मी वहीत लिहिते. जाता-येता रिक्षा ४२०. खेळांच्या जागेचे कार्ड ५००, त्यातले खेळ वीस मिनिटांत संपले. तिघांचे खाणे ६९०, त्यातले निम्मे धाकट्याने टाकले. बाहेर पडताना एक बॅटरीची गाडी २५०, ती तिसऱ्या दिवशी बंद पडली. एकूण १,८६०. आणि एवढे करूनही पोरगा रिक्षात रडतच होता, कारण कार्ड संपल्यावर त्याला अजून खेळायचे होते. हे खिडकीबाहेर बघत बसले होते. मी काही बोलले नाही, पण माझ्या न बोलण्यातही टोमणा होताच.

दोन दिवसांनी मी म्हटले, "चष्म्याचे काय झाले? या रविवारी नंबर काढायला जाणार होतात ना?" ह्यांना सुईत दोरा ओवायला त्रास व्हायला लागला होता. काळ्या कापडावर काळी शिलाई तर दिसतच नव्हती. एक-दोनदा काम परत आले होते. हे म्हणाले, "पुढच्या महिन्यात बघू." तेव्हा माझ्या लक्षात आले की मॉलमध्ये खर्च झाले ते चष्म्याचे पैसे होते.

मला राग आला, आणि मी विचारलेच, "नाही म्हणता येत नव्हते का?" बराच वेळ हे गप्प होते. मग म्हणाले, "मी लहान असताना अब्बांनी मला प्रत्येक गोष्टीला नाहीच म्हटले. जत्रेत, बाजारात, ईदला सुद्धा. नाही म्हणायचे आणि पुढे चालू लागायचे. मला तसा बाप व्हायचे नाही."

बहिणींनो, तेव्हा मला कळले की आमचे भांडण पैशांवरून नव्हते. मुलाला 'नाही' कधी आणि कुठे म्हणायचे, हे आम्ही कधी बोललोच नव्हतो. म्हणून ते 'नाही' दर वेळी दुकानाच्या काउंटरवर, विकणाऱ्याच्या समोर आणि लोकांच्या देखत म्हणावे लागायचे. तिथे ते बापालाही जड जाते आणि मुलालाही अपमानासारखे वाटते.

त्यावर आम्ही एक साधी गोष्ट ठरवली. पुढच्या वेळी दिवसाचे पैसे आधी ठरवायचे, पाकिटात घालायचे, आणि त्यात काय बसते, काय बसत नाही, हे मुलाला घरीच सांगायचे, निघण्याआधी. पाकिटात चारशे रुपये घालायचे ठरले. अडचणीला पाचशेची एक नोट माझ्या पर्समध्ये वेगळी, ती मोडायची नाही. आणि जागा निवडली राणीची बाग.

का, ते सांगते. एकतर लोकल. मुंब्र्याहून भायखळ्याचे तिकीट माणशी १५ रुपये. पाच वर्षांखालच्या मुलाला रेल्वेत तिकीट लागत नाही, पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धे लागते. दुसरे, बागेचे तिकीट. मोठ्यांना ५० रुपये, तीन ते पंधरा वर्षांच्या मुलांना २५, आणि आई-वडील व दोन मुले अशा चौघांपर्यंतच्या कुटुंबाला मिळून १००. आमच्या तिघांचे काम शंभरात झाले. तिसरे म्हणजे स्टेशनपासून बाग चालत जाण्याच्या अंतरावर आहे, रिक्षा-टॅक्सीचा प्रश्न नाही. एवढे लक्षात ठेवा की बुधवारी बाग बंद असते. दर कधीही बदलू शकतात, म्हणून जाण्याआधी चौकशी करावी.

शनिवारी रात्री जेवण झाल्यावर ह्यांनी धाकट्याला जवळ बसवले आणि पाकीट दाखवले. "हे उद्याचे पैसे. यातून गाडी, यातून बाग, यातून केळी. आणि तुझ्यासाठी एक गोष्ट. फुगा किंवा कुल्फी. दोन्ही नाही. कोणती, ते तू उद्या ठरव." त्याने विचारले, "आणि गाडीवाली गाडी?" म्हणजे बॅटरीची. हे म्हणाले, "ती या पाकिटात नाही." त्याने तोंड पाडले, पण घरी तोंड पाडले की लवकर सावरते. पाच मिनिटांनी तो फुगा की कुल्फी यातच अडकला होता.

रविवारी मध्य रेल्वेवर बहुधा मेगाब्लॉक असतो. साधारण साडेदहा-अकराला सुरू होतो आणि दुपारी साडेतीन-चारपर्यंत चालतो. त्याची वेळ वर्तमानपत्रात आधीच छापून येते, ती पाहून ठेवली होती. म्हणून आठच्या आधीच घरातून निघालो. शेअर रिक्षाने स्टेशन, आणि तिथून धीमी लोकल. रविवारी सकाळी गाडीला गर्दी कमी, खिडकी मिळाली. मुंब्रा सुटले की एका अंगाला पारसिकचा डोंगर आणि दुसऱ्या अंगाला खाडी. रोज त्याच गाडीने जाणारा माणूस तिकडे बघत नाही. धाकटा मात्र काचेला नाक लावून बसला होता. प्रत्येक स्टेशनला "हे आपले?" असे विचारत होता. ह्यांनी त्याला स्टेशने मोजायला शिकवले. तो दहापर्यंतच मोजतो, म्हणून दहा झाली की पुन्हा एकपासून.

भायखळ्याला उतरल्यावर मी दोघांना थांबवून स्टेशनची इमारत बघायला लावली. आपल्याकडची पहिली रेल्वे १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेली. भायखळा त्याच जुन्या मार्गावरचे स्टेशन आहे. इमारतीची डागडुजी जुन्या पद्धतीने केली, म्हणून २०२२ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत तिचा गौरव झाला. हे वर्षानुवर्षे भायखळ्यावरून गेलेले आहेत, पण मान वर करून बघितले त्या दिवशी पहिल्यांदा. तिथल्याच बाकावर बसून धाकट्याला उकडलेले अंडे आणि पोळीचा रोल खायला दिला. उपाशी मूल आणि तिकिटाची रांग एकत्र येऊ देऊ नये, हा माझा पहिला नियम.

बाग साडेनऊला उघडते. आम्ही पहिल्या लोकांत होतो. बागेचे सरकारी नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, पण मुंबईत तिला राणीची बागच म्हणतात. ही राणी म्हणजे इंग्लंडची व्हिक्टोरिया. १८६२ मध्ये बाग सुरू झाली तेव्हा तिचे नाव व्हिक्टोरिया गार्डन्स होते. आत इतकी जुनी झाडे आहेत की उन्हातही रस्ते सावलीत असतात. लहान मुलाला घेऊन जाणाऱ्यासाठी ही सावलीच मोठी सोय आहे.

सगळ्यांसारखे आम्हीही आधी पेंग्विनकडे गेलो. हे हम्बोल्ट जातीचे पेंग्विन २०१६ मध्ये दक्षिण कोरियाहून आणले आणि २०१७ पासून लोकांना बघता येऊ लागले. मोठ्यांनाही वाटते की पेंग्विन म्हणजे बर्फ. पण ही जात मूळची दक्षिण अमेरिकेतल्या पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरची, बर्फातली नव्हे. मी हे सगळे धाकट्याला सांगायला आतुर होते. त्याने काचेपलीकडे दोन-तीन मिनिटे पाहिले, "हे शाळेला जातात?" असे विचारले आणि म्हणाला, "चल." ज्यासाठी अख्खी मुंबई रांग लावते ते त्याचे तीन मिनिटांत आटोपले.

मग तो रमला कुठे? पाणघोड्याजवळ. पाणघोडा पाण्यात बुडालेला होता, नुसते नाक आणि कान वर. तो बाहेर येईल म्हणून धाकटा उभा, आणि त्याच्याबरोबर आम्ही उभे. पाणघोडा काही बाहेर आला नाही. वीस मिनिटांनी त्याने एकदा जोरात नाक फुरफुरवले, पाणी उडाले, आणि हा हसून हसून जमिनीवर बसला. त्यानंतर पुढच्या वळणावर एक माळी नळीने झाडांना पाणी घालत होता, तिथे पंधरा मिनिटे. हरणे आणि पक्षी त्याने जाता जाता पाहिले.

माझ्या मनात मधूनमधून येत होते, अजून अर्धी बाग राहिली, तिकीट वसूल व्हायला नको का? ह्यांना तसे म्हटलेही. हे म्हणाले, "तिकीट त्याच्यासाठी काढले ना? मग त्यालाच वसूल करू दे." मला ते पटले. मॉलमध्ये आम्ही हीच चूक केली होती. कार्डातले सगळे खेळ झालेच पाहिजेत म्हणून त्याला एकातून उचलून दुसऱ्यात घालत होतो.

बागेच्या दाराजवळच डॉ. भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालय आहे. १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झालेले, मुंबईतले सगळ्यात जुने. चार वर्षांच्या मुलाला घेऊन आम्ही आत गेलो नाही, तो दिवस वेगळा ठेवला. पण संग्रहालयाजवळ उभा असलेला दगडी हत्ती त्याला दाखवला. हा हत्ती मूळचा घारापुरी बेटावरचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा हे नाव दिले. १८६४ मध्ये इंग्रज हा हत्ती विलायतेला न्यायला निघाले. उचलताना तो पडला आणि त्याचे तुकडे झाले. पुढे ते तुकडे राणीच्या बागेत आणले आणि १९१४ मध्ये जोडून हत्ती पुन्हा उभा केला. धाकट्याने ऐकले आणि विचारले, "रडला?" मी म्हटले, "दगडाचा आहे, कसा रडेल?" त्याने मान हलवली. त्याला पटलेले दिसले नाही.

आता खरी परीक्षा. बाहेर पडताना फुगेवाले, पिपाण्यावाले, प्लॅस्टिकच्या दुर्बिणी विकणारे उभे असतातच. धाकट्याची नजर दुर्बिणीवर गेली. "अब्बू, ती." मी ह्यांच्याकडे पाहिले. ह्यांचा हात सवयीने खिशाकडे गेला, आणि तिथेच थांबला. म्हणाले, "ती पाकिटात नाही. पाकिटात काय आहे?" धाकटा म्हणाला, "दुर्बीण." आणि रडायला लागला.

असे झाले नाही, तो शहाण्यासारखा ऐकून पुढे चालू लागला, असे लिहिले असते तर तुम्हाला छान वाटले असते. पण तो रडला. फुटपाथवर बसला. लोकांनी पाहिले. विकणाऱ्याने दुर्बीण त्याच्या डोळ्यांसमोर नाचवली. हे मात्र उठून चालू लागले नाहीत आणि ओरडलेही नाहीत. त्याच्या शेजारी फुटपाथवर बसले. तीन-चार मिनिटे. मग मुठीची नळी करून डोळ्याला लावली आणि म्हणाले, "मला कुल्फीवाला दिसतो आहे." धाकट्याने रडत रडतच आपली मूठ डोळ्याला लावली. कुल्फी ३० रुपयांची. ती त्याने पुढची वीस मिनिटे खाल्ली, बोटे चाटत.

जोहरची वेळ झाली होती. हे स्टेशनजवळच्या मशिदीत गेले. मी आणि धाकटा भायखळ्याच्या फलाटावर बाकावर बसून डबा उघडला. खिमा-पोळी आणि काकडी. नमाज आटोपून हे आले तेव्हा ब्लॉकमुळे गाड्या कमी होत्या. पहिली गाडी आली ती भरलेली, सोडली. दुसरीही सोडली. लहान मूल कडेवर असताना भरलेल्या गाडीत घुसू नये. अर्धा तास उशीर चालतो. त्या चाळीस मिनिटांत धाकट्याने इतक्या गाड्या पाहिल्या की मोजणी चार वेळा दहापर्यंत गेली. न थांबता धडधडत जाणारी लांब पल्ल्याची गाडी आली की तो कान दाबून ओरडायचा. रात्री मी विचारले, आज सगळ्यात चांगले काय होते? तो म्हणाला, "मोठी गाडी थांबली नाही ते." पेंग्विनचे नावही नाही.

गाडीत तो ह्यांच्या मांडीवर झोपला. ठाण्याच्या पुढे हे हळूच म्हणाले, "अब्बा नाही म्हणायचे आणि निघून जायचे. मी आज बसून राहिलो, एवढाच फरक." मी काही बोलले नाही. या वेळच्या न बोलण्यात टोमणा नव्हता.

वहीतला हिशोब असा : शेअर रिक्षा जाता-येता ६०, लोकल दोघांची जाता-येता ६०, बाग १००, केळी ३०, चहा ३०, स्वच्छतागृह १०, कुल्फी ३०. एकूण ३२० रुपये. पाकिटात ८० उरले. ते मी चष्म्याच्या डब्यात टाकले. चष्मा त्यानंतर दीड महिन्याने आला.

आता ज्या बहिणींना असा दिवस ठरवायचा आहे, त्यांच्यासाठी आमच्या अनुभवातून काही गोष्टी.

जागा एकच निवडा. बाग, मग चौपाटी, मग बाजार अशी माळ लावली की मूल थकते आणि थकलेले मूल वस्तू मागते. पाच वर्षांखालच्या मुलाला घराबाहेर पाच-सहा तास पुष्कळ होतात, आणि त्यात प्रवासही धरायचा. सकाळी लवकर निघा आणि त्याच्या झोपेच्या वेळी परतीच्या गाडीत असा.

बस-गाडीचा प्रवास हाच फिरण्याचा भाग समजा. मोठ्यांना तो उरकायचा असतो, मुलाला तो खेळ असतो. मुंबईत बेस्टच्या दुमजली वातानुकूलित बसमध्ये वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली तर मुलाची अर्धी सहल तिथेच होते.

डबा घरचा घ्या, आणि दोन लहान डबे करा, एक मोठा नको. एक पोहोचल्यावर, एक परतताना. पाणी भरपूर घ्या. काही ठिकाणी आत खायला नेऊ देत नाहीत, म्हणून दारावर विचारून घ्या आणि नसेल चालत तर आधीच खाऊन आत जा. एक जास्तीचा कपड्यांचा जोड, जुना टॉवेल आणि कागदी पिशवी इतके पुरे. सामान जेवढे कमी, तेवढे मूल उचलून घेणे सोपे.

मुलाला भडक रंगाचा शर्ट घाला आणि निघण्याआधी त्याच कपड्यांत त्याचा एक फोटो मोबाईलवर काढून ठेवा. चुकामूक झालीच तर शर्टाचा रंग आठवत बसावे लागत नाही. आपला फोन नंबर कागदावर लिहून त्याच्या खिशात ठेवा. रेल्वेची मदत १३९ वर आणि मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ वर मिळते. हे दोन्ही नंबर दोघांच्याही फोनमध्ये असावेत.

सुट्टे पैसे पाकिटात ठेवा आणि पाकीट मुलाला दिसू द्या. खर्च करताना त्याच्यासमोर काढा. मोबाईलवरून पैसे दिले की मुलाला वाटते, फोन लावला की वस्तू मिळते. पाकीट हलके होताना दिसले की त्याला न सांगता कळते.

आणि मुलाची 'एक गोष्ट' आदल्या दिवशीच ठरवा. एकात एक निवडायला द्या, दोन्ही नको. दिलेला शब्द आपणही पाळा. कुल्फी सांगितली असेल तर कितीही उशीर झाला तरी कुल्फी मिळाली पाहिजे. आपण आपला शब्द पाळला तरच आपल्या 'नाही'ला वजन येते.

मुंबईत आणखी जागा आहेत. मलबार हिलवरच्या कमला नेहरू पार्कमधला म्हातारीचा बूट, धारावीचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान, जे जुन्या कचरा-डेपोच्या जागेवर उभे केलेले जंगल आहे, गेटवेचा धक्का, गिरगाव चौपाटी. पुण्याच्या बहिणींना कात्रजचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय आहे, तेही बुधवारी बंद असते, हे विसरू नका. नागपूरला महाराजबाग, कोल्हापूरला रंकाळा, सोलापूरला भुईकोट किल्ल्याची बाग. छत्रपती संभाजीनगरला पाणचक्की, जिथे पाण्याच्या जोरावर दळण कसे चालायचे हे मुलाला डोळ्यांनी दिसते. रत्नागिरीला मत्स्यालय आणि त्यातला देवमाशाचा सांगाडा. आपल्या गावातली अशी जागा बहुधा आपल्या इतकी ओळखीची असते की ती फिरायची जागा आहे हेच आपण विसरतो.

आता भिवंडीच्या बहिणीच्या प्रश्नाकडे. आपण गरीब आहोत हे मुलाला कळू द्यायचे का? बहिणी, मला वाटते प्रश्न थोडा बदलून घे. मुलाला गरिबी कळत नाही, त्याला कळते ते आई-वडिलांचे तोंड. काउंटरवर उतरलेले बापाचे तोंड, रिक्षात खिडकीकडे वळलेले आईचे तोंड. त्याला वाटते, हे माझ्यामुळे झाले. तेच पैसे घरी, जेवण झाल्यावर, शांतपणे मोजून दाखवले तर त्यात त्याला काही वाईट दिसत नाही. अमुक बसते, तमुक बसत नाही, एवढेच. आपल्या पाकिटाचा आकार मुलाला जरूर कळू दे. फक्त तो त्याला घरी कळू दे, तुमच्या तोंडून. दुकानात, परक्यांच्या देखत नको.

शेजारच्या मुलांचे म्हणशील तर, आमचा धाकटाही दुसऱ्या दिवशी चाळीत सांगत होता. काय सांगत होता, तर अब्बू फुटपाथवर बसले होते. मी आत पोळ्या लाटत होते. मला आधी ओशाळल्यासारखे झाले. मग बाहेर कान दिला, तर समोरचा मुलगा विचारत होता, "खरंच? तुझ्याबरोबर?"

पुढच्या महिन्यात शाळेच्या वह्या-पुस्तकांचा खर्च. तुमच्या गावात मुलांना घेऊन थोडक्या पैशांत जाता येईल अशी जागा असेल तर हिशोबासकट लिहून कळवा. आलेल्या पत्रांतली निवडक पत्रे याच सदरात देऊ.